वासरू हगायला लागलं? खरवस नंतर करा, आधी हे वाचा

दिवाळी झाली की आपल्याकडं विटा, खटाव, जत भागात गाई-म्हशी एकामागं एक व्यायला लागतात आणि आठ-दहा दिवसांचं वासरू पिवळं पाण्यासारखं हगलं की लगेच मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणायचं. रोटाव्हायरस असंल तर त्या गोळीचा काय उपयोग नाही, तो विषाणू आहे आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. अर्थात हगवणीची कारणं बरीच, नुसता रंग बघून कुणी रोटा म्हणत असंल तर विश्वास ठेवू नका.

आणि रोटा एकच नसतो. त्याच्या कवचावर व्हीपी७ आणि व्हीपी४ अशी दोन प्रथिनं, त्यावरनं जी आणि पी टाइप ठरतात. गाईत जास्त करून जी६, जी८, जी१० आणि पी१, पी५, पी११. एकाविरुद्धची ताकद दुसऱ्यावर पुरी पडंलच असं नाही. गाय ज्या गोठ्यात राहिली तिथल्या टाइपची अँटीबॉडी, म्हंजे रोगाशी लढणारं प्रथिन, तिच्या चिकात उतरते, म्हणून बाजारातनं आज आणली आन् चार दिवसांत व्यायली तर तिचा चीक तुमच्या गोठ्यातल्या टाइपला कमी पडू शकतो. गाभण गाय घ्यायचीच तर दीड-दोन महिने आधी आणा.

३० किलोच्या वासराला पहिल्या २४ तासांत ३ लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, वार पडायची वाट बघत बसू नका. उरलेला चीक फ्रीजरला टाका आणि दोन आठवडे दुधात कपभर घाला, रोटा आतड्यातच असतो त्यामुळं चीक तिथंच कामाला येतो. खरवसाचा मोह आवरा, घरात भांडण झालं तरी चालंल.

हगवण लागलीच तर दूध तोडू नका, मधल्या वेळेला जनावरांचं इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पाणी) पाजा. डोळे खोल गेले, मानेची चिमट काढल्यावर कातडी लवकर बसंना, वासरू उठंना, तर १९६२ या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या नंबरला फोन करा, सलाईन लागतं. औषध सुरू व्हायच्या आधी दोन चमचे शेण स्वच्छ डबीत, बर्फावर ठेवून डॉक्टरकडं द्या आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तपासणी होईल का ते त्यांनाच विचारा. प्रयोगशाळेत जेलवर आरएनएच्या (विषाणूच्या जनुकांच्या) ११ पट्ट्या दिसल्या की रोटा, टाइप मात्र पीसीआर या जनुक तपासणीनं कळतो.

आजारी वासरू वेगळं बांधा, खाली कोरडं पाचट, रोज बदला, त्याची बादली दुसऱ्याला नको. त्याला हात लावून थेट बाळाला घेऊ नका, जी१०पी११ टाइप बेंगळुरूत नवजात बाळांतही सापडलाय.