कोकणातल्या घरासाठी आठवड्याच्या रात्रीच्या जेवणाचे नियोजन

किनारपट्टीवरच्या घरात आठवड्याचा बेत आखताना सर्वांत मोठी चूक होते ती पदार्थांची नावे आधी लिहून काढण्यात. बुधवारी सुरमईचे कालवण असे कागदावर लिहिले आणि त्या दिवशी वारा सुटल्यामुळे होड्या निघाल्याच नाहीत, किंवा सुरमई आली पण तिचा भाव ऐकून परत फिरावे लागले, तर सगळा बेत कोसळतो आणि संध्याकाळी सात वाजता ‘आता काय करायचे’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आमच्या घरी पाच माणसे आहेत, आम्ही दोघेही नोकरी करतो, सासूबाई सोमवार आणि गुरुवार कटाक्षाने पाळतात आणि मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेचा डबा लागतो. अशा घरासाठी मी आता तीनच गोष्टी आधी ठरवते: कोणत्या वारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि कोणत्या वारी मासळी, आठवड्याला वाटप, म्हणजे रस्स्यासाठी वाटलेले खोबरे, किती लागेल, आणि कोणते कडधान्य कधी भिजत घालायचे. पदार्थ त्यांतून आपोआप निघतात.

वारांची आखणी कोकणात बहुतेक घरांत आधीच झालेली असते. सोमवार, गुरुवार आणि शनिवार शिवराक, बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासळी किंवा मटण, आणि मंगळवार ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे. ही रीत श्रद्धेची आहेच, पण स्वयंपाक करणाऱ्याला तिचा आधारही मोठा आहे, कारण आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी समुद्राची आणि बाजाराची वाट न पाहता पूर्ण निश्चित करता येतात. उरलेल्या संध्याकाळी फक्त ‘मासळी’ एवढेच लिहावे आणि शेजारी एक पर्यायी पदार्थ लिहून ठेवावा, ज्याचे सामान घरात आहेच. संकष्टी, एकादशी आणि घरातले उपास मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये पाहून घ्यावेत, म्हणजे आणलेली मासळी दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची वेळ येत नाही.

वाटप

आपल्या रात्रीच्या स्वयंपाकात वेळ जातो तो शिजवण्यात कमी आणि नारळ फोडणे, खोवणे, भाजणे, वाटणे यांत जास्त. म्हणून रविवारी सकाळी एक तास त्यासाठी काढावा. पाच माणसांच्या घराला एका रस्स्यासाठी साधारण अर्ध्या नारळाचा चव, म्हणजे खोवलेले ओले खोबरे, पुरतो. आठवड्यात चार-पाच वेळा वाटप लागेल असे धरले तर तीन नारळ एकदम खोवून ठेवावेत.

त्यातल्या दीड नारळाचे भाजके वाटप करावे. तीन-चार मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस होईपर्यंत परतावेत, मग त्यातच चव घालून मंद आचेवर तोही तांबूस करावा आणि पूर्ण गार झाल्यावर शक्य तितक्या कमी पाण्यात घट्ट वाटावे. घाईत आच मोठी केली की खोबरे बाहेरून करपते, आतून ओलसर राहते आणि असे वाटप लवकर वास धरते, म्हणून या एका कामात घाई करू नये. मालवणी मसाला या वाटपात मिसळू नये. तो फोडणीत घालावा, म्हणजे तेच वाटप एके दिवशी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला, दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या रश्श्याला आणि पाहुणे आले तर कोंबडीलाही चालते. एका वेळेपुरते एक असे छोटे डबे भरून ते फ्रीजरमध्ये ठेवावेत.

उरलेला चव कच्चाच ठेवावा. माशाच्या कालवणाचे वाटप ताजे असावे असे माझे ठाम मत आहे, कारण ओल्या खोबऱ्याचा गोडवा साठवणीत उतरतो. भिजवलेल्या लाल मिरच्या, धणे, हळद आणि चव मिक्सरमध्ये घातला की पाच मिनिटांत ते होते, आणि खोवण्याचे काम आधीच झालेले असल्यामुळे त्याचा बोजा वाटत नाही. पालेभाजीवर आणि उसळीवर घालायलाही हाच चव उपयोगी पडतो. फ्रीजमध्ये तो दोन-तीन दिवसच चांगला राहतो. त्यापुढच्या दिवसांचा सुरुवातीलाच फ्रीजरमध्ये टाकावा.

भिजवण

कडधान्याचा बेत फसतो तो विसरण्यामुळे. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कागदावर पदार्थाच्या वाराखाली तो लिहिण्याऐवजी भिजत घालण्याच्या वाराखाली लिहावा. गुरुवारी रात्री काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि घावणे करायचे असतील, तर ‘वाटाणे’ हा शब्द बुधवारच्या रकान्यात रात्रीच्या जागी असला पाहिजे, कारण त्यांना आठ-दहा तास भिजावे लागते आणि कुकरमध्येही ते इतर कडधान्यांपेक्षा अधिक वेळ घेतात.

वालांचे काम सर्वांत लांबचे आहे. सोमवारी रात्री बिरडे हवे असेल तर वाल शनिवारी सकाळी भिजत घालावेत, रात्री उपसून फडक्यात बांधावेत, आणि रविवारी संध्याकाळी मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायला बसावे. सोलण्याचे काम एकट्या माणसावर टाकू नये. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी परात मध्ये ठेवून सगळे बसतात, मुलेही बसतात, आणि पाऊण तासात सोमवारचे जेवण निम्मे तयार झालेले असते. डाळिंबी, म्हणजे हे सोललेले वाल, हलक्या हाताने शिजवावी, कुकरमध्ये घालू नये, नाहीतर तिचा लगदा होतो.

मासळीची संध्याकाळ

हर्णै बंदरावर संध्याकाळी होड्या परतल्या की लिलाव होतो. अशा बंदराजवळ राहणाऱ्याला कामावरून परतताना ताजी मासळी मिळू शकते. किनाऱ्यापासून आत असलेल्या गावांत मात्र विक्रेता सकाळीच दारावर येतो. सकाळी घेतलेली मासळी रात्रीपर्यंत नीट राहण्यासाठी ती लगेच साफ करून, मीठ-हळद लावून, झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवावी. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे उष्णतेत फार लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या बांगड्यातले विष शिजवूनही जात नाही, म्हणून ते ओट्यावर तासभरही राहू देऊ नयेत. घेताना कल्ले लाल आहेत का, डोळे स्वच्छ आणि फुगीर आहेत का आणि बोटाने दाबलेली जागा पुन्हा वर येते का, एवढे पाहावे.

काय घ्यावे हे बाजारात गेल्यावर ठरवावे, पण किती रुपये आणि किती वेळ खर्च करायचा हे घरातून निघतानाच ठरवावे. कामाच्या दिवशी बांगडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. पाच माणसांना मध्यम आकाराचे सहा-सात बांगडे पुरतात; त्यांतल्या निम्म्यांचे तिखले, म्हणजे तिखट-आंबट कालवण, करावे आणि निम्मे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजावेत. तिखल्यात पाच-सहा तिरफळे बिया काढून, किंचित ठेचून घालावीत आणि आंबटपणासाठी कोकमाची सोले टाकावीत. सोबत भात आणि सोलकढी असली की दुसरी भाजी करण्याची गरज राहत नाही. तिसऱ्या (शिंपल्या) किंवा कोळंबी साफ करायला वेळ लागतो, त्यामुळे त्या रविवारसाठी ठेवाव्यात.

मासळी मिळाली नाही तर कागदावर शेजारी लिहिलेला पर्याय करावा. माझ्या घरी तो बहुतेक वेळा कुळथाची पिठी असतो. पाच मोठे चमचे कुळथाचे पीठ आधी वाटीभर गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून घ्यावे, लसूण-मिरचीच्या फोडणीवर तीन-चार वाट्या पाणी उकळून त्यात ते सतत ढवळत सोडावे, वर दोन सोले आणि मीठ घालून सात-आठ मिनिटे शिजू द्यावे. गरम भात, पिठी आणि भाजलेला पापड यांवर घरातले कोणीही आजवर उपाशी उठलेले नाही. पीठ मात्र भाजलेल्या कुळथाचे असावे. ते आठवडा बाजारात मिळते.

शनिवारी मी मुद्दाम साधे ठेवते: वरण-भात, एखादी पालेभाजी, लोणचे. तोपर्यंत वाटप संपलेले असते आणि करणारा माणूसही दमलेला असतो. रविवारी दुपारी कोंबडी-वडे झाले असतील तर रात्री उकड्या तांदळाची पेज पुरते. भात उरला तर तो आपल्या दमट हवेत रात्रभर भांड्यात राहू देऊ नये. जेवणे झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी फोडणी देऊन डब्यात द्यावा.

पावसाळा

यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते, कारण हा अनेक माशांच्या विणीचा काळ आहे. खाडीची थोडी मासळी मिळते, पण तिच्या भरवशावर आठवडा आखता येत नाही. म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा आणि खारे बांगडे घेऊन, घरी पुन्हा एक-दोन कडकडीत उन्हे देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावेत. फणसाच्या आठळ्याही धुऊन वाळवून ठेवाव्यात. जवळ्यात किंवा नुसत्या भाजक्या वाटपात त्या सुरेख लागतात. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू आणि फोडशी या रानभाज्या बाजारात येतात आणि दोन शिवराक संध्याकाळी त्यांवर निघतात. शेवळे ही रानभाजी घशाला खाजते, म्हणून ती काकड या आंबट रानफळांचा रस घालून शिजवतात. ओळखीची नसलेली रानभाजी मात्र विकणाऱ्या बाईला नीट विचारल्याशिवाय, आणि तिने सांगितलेली कृती समजून घेतल्याशिवाय, घरी आणू नये.

या दिवसांत विजेचाही विचार करावा लागतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. साधा मुसळधार पाऊसही दोन दिवस वीज घालवू शकतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर फ्रीजरमध्ये चार-पाच दिवसांपेक्षा अधिक वाटप साठवू नये, वीज गेली की साठवलेले वाटप आधी संपवावे, आणि मिक्सरशिवाय होणारे दोन पदार्थ कागदावर कायम लिहिलेले असावेत. आमच्याकडे ते पिठी आणि भाजलेल्या खाऱ्या बांगड्याबरोबरची पेज असे आहेत.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र पुन्हा खुला होतो, तरी श्रावण पाळणाऱ्या घरांत मासळीच्या तिन्ही संध्याकाळी गणपतीपर्यंत कडधान्यांकडेच राहतात. त्या महिन्यात वाटाणे, वाल आणि कुळीथ यांचे प्रमाण दुप्पट होते, म्हणून ते आषाढातच भरून ठेवावेत आणि भिजवणीचा कागद नव्याने लिहावा.