गावात मुलांची काव्यलेखन स्पर्धा घ्यायची असेल तर

घरून लिहून आणलेली कविता घ्यायची नाही, हे सगळ्यात आधी ठरवा. घरून आलेल्या कवितांत वसुंधरा हिरवा शालू नेसते, पाखरं किलबिलतात आणि शेवटच्या कडव्यात झाडं लावायचा संदेश असतो. चौथीतल्या मुलाला शालू कशाशी खातात ते ठाऊक नसतं, त्याच्या मावशीला असतं. आता तर मावशीही लागत नाही, मोबाइलला विचारलं की चार कडवी यमकांसकट हजर. म्हणून मुलांना बोलवा, बसवा, कागद द्या आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. नावं कमी येतील. येऊ देत.

मी गोव्यात माशेलला वाचनालय सांभाळते आणि आमच्या मंडळाची ही स्पर्धा दरवर्षी माझ्याच गळ्यात असते. आजूबाजूच्या गावांतली मंडळं "तुम्ही कसं करता हो?" म्हणून विचारतात, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

तारखेपासून सुरुवात करू, कारण गोव्यात मोकळा रविवार मिळवणं हीच अर्धी स्पर्धा. श्रावणात भजनी सप्ताह, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीच्या आधी मुलं आरत्या पाठ करण्यात आणि माटोळीचं (गणपतीच्या वर फळंपानं टांगायची चौकट) सामान आणायला रानात. दिवाळीत मोठी मुलं नरकासुराचा पुतळा करण्यापायी रात्र रात्र जागतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून सहीदेखील सरळ येत नाही. पौषात आमच्या देवकीकृष्णाची मालिनी पौर्णिमेची जत्रा, पुढे शिगमो, म्हणजे आमचा होळीचा उत्सव, आणि परीक्षा. उरतो नोव्हेंबरचा शेवट. ३० नोव्हेंबर हा कवी बा. भ. बोरकरांचा, म्हणजे आमच्या बाकीबाबांचा जन्मदिवस (१९१०), तेव्हा त्याच्या आधीचा रविवार आम्ही धरतो. निमित्तही होतं आणि पावसाची भीती बरीच कमी झालेली असते. फक्त ३ डिसेंबरला जुन्या गोव्याची, सेंट झेवियरची फेस्त असते हे विसरू नका. त्या दिवशी आमच्या बाजूच्या रस्त्यांवर काय गर्दी लोटते ते सांगायला नको, बक्षीस समारंभ त्याच्यानंतरच ठेवायचा.

वेळ दुपारी साडेतीन ते सहा. रविवारी सकाळी ख्रिस्ती मुलं मिसेला असतात, मग घरोघरी हुमण-भात, मग झोप. झोपेच्या वेळेत गोंयकाराला बोलावून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. सहानंतर ताणू नका, कारण रविवारी बसगाड्या कमी असतात आणि बेतकी-खांडोळ्याच्या, तिवऱ्याच्या मुलांना काळोखाच्या आत घरी पोचायचं असतं.

गट तीन पुरतात: तिसरी-चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी. पहिली-दुसरीच्या मुलांना स्पर्धेत ओढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना बाजूच्या खोलीत गाणी म्हणायला बसवा, आयांना तेवढंच बरं वाटतं. प्रवेश फी ठेवू नका. मुलाला देवनागरी सरसर लिहिता येत नसेल तर त्याने सांगावं आणि एका स्वयंसेवकाने शब्दाला शब्द उतरवून घ्यावं. प्राथमिक झाल्यावर बहुतेक मुलांचं माध्यम इंग्रजी होतं, त्यामुळे असं मूल आठवीतही सापडतं. त्याला बोलता येतं, नुसता हात चालत नाही. उतरवून घेणारा मात्र गप्प बसणारा निवडा. "बाळा, इथं 'सुंदर' घालूया का?" असं विचारणारी मास्तरीण या कामाला नको.

पत्रकं शाळांच्या मुख्याध्यापकांमार्फत द्या. व्हॉट्सॲपवर टाकलेलं पत्रक पालक पुढे ढकलतात, वाचत नाहीत. पत्रकातच पालकांच्या संमतीची सही घ्या: मुलाचा फोटो काढायला, कविता छापायला. दोन वेगळ्या चौकटी ठेवा, कारण एकाला हो आणि दुसऱ्याला नको म्हणणारे पालक असतात.

आता विषय. हा माझा आवडीचा भाग, तेव्हा थोडी लांबण लावते. 'पाऊस', 'आई', 'माझी शाळा', 'निसर्ग' हे चार विषय कायमचे बाद करा. त्यांवर मुलांकडे पाठ केलेला माल तयार असतो. विषय असा हवा की ज्यावर पाठ्यपुस्तकात कविता नाही आणि मुलाने तो कालपरवाच पाहिलेला आहे. आमच्याकडे चाललेले काही विषय: 'चिखलकालो खेळून आल्यावर न्हाणीत', 'पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा', 'बस चुकली', 'माटोळी उतरवल्यावर', 'कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) दुपार', 'आजीच्या कपाटात'. चिखलकालो, म्हणजे चिखलातले खेळ, आमच्या देवळासमोरच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होतो. त्यावर नुसता 'चिखलकालो' असा विषय दिला तर मुलं परंपरा आणि संस्कृतीवर निबंध लिहितात. 'न्हाणीत' म्हटलं की कानातला चिखल येतो, आईची ओरड येते, मोरीत तुंबलेलं पाणी येतं. विषयाला एक जागा किंवा एक क्षण जोडायचा, युक्ती एवढीच.

दर गटाला तीन विषय द्या, आणि ते फळ्यावर लिहायचे ते मुलं बसल्यावरच. मोबाइल दारातल्या टोपलीत. पालक बाहेर, आणि खिडक्यांपाशीही नकोत. त्यांच्यासाठी चहा देवळाच्या पलीकडच्या अंगाला ठेवावा, म्हणजे आपोआप तिकडे जातात.

लिहायला लगेच सुरुवात करू देऊ नका. पहिली पंधरा मिनिटं कवितेचा शब्दही काढायचा नाही. कोऱ्या कागदावर नुसती यादी: त्या जागी काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला, हाताला काय लागलं, कोण काय बोललं. मग यादीतल्या ज्या गोष्टी शेजारच्यानेही लिहिल्या असतील असं वाटतं त्यांवर काट मारायची. उरलेल्यातून कविता. या पंधरा मिनिटांत काही मुलं पेन चावत बसतात. बसू द्यावीत. नंतर एक तास लिहायला, शेवटची पंधरा मिनिटं तोंडातल्या तोंडात वाचून दुरुस्ती करायला. शाळेतून पॅड आणायला सांगा, सभागृहात खुर्च्या मिळतात पण टेबलं मिळत नाहीत. पंख्याखाली कागद उडतात, तेव्हा क्लिपा आपण घ्या.

यमक सक्तीचं नाही हे मुलांना मोठ्याने सांगा. नाहीतर 'पाणी'ला जोडायला 'राणी' येते आणि मग त्या राणीचं करायचं काय ते मुलालाही कळत नाही. ज्यांना छंद हवा त्यांना अष्टाक्षरी पाच मिनिटांत शिकवता येते: ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं, काना-मात्रा-वेलांटीने अक्षर वाढत नाही. 'न्हाणीमध्ये तापे पाणी', मोजा बोटांवर, आठ भरतात. अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही चाल तर भजनाला बसणाऱ्या मुलांच्या कानातच असते. त्यांना ती अक्षरं मोजायला लावली की स्वतःच चकित होतात.

कोंकणीचा प्रश्न येणारच. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी, असं आमचं मूल. लिहिता लिहिता 'आवय' (आई) येते, 'न्हंय' (नदी) येते, 'मागीर' (नंतर) येतं. गुण कापायचे नाहीत, असा आमचा नियम आहे आणि तो परीक्षकांकडून आधीच कबूल करून घेतो. संपूर्ण कोंकणीत लिहायचं असेल त्याच्यासाठी वेगळा गट आणि वेगळा परीक्षक. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरचा कोंकणी-मराठी वाद मोठ्यांनी मोठ्यांच्या सभेत घालावा, सातवीतल्या पोरीच्या कागदावर नको.

परीक्षक तीन. एक कविता लिहिणारा, एक शिकवणारा आणि एक या दोघांपैकी कुणीच नसलेला. आमच्याकडे तिसरे म्हणजे भजनात पखवाज वाजवणारे एक गृहस्थ. ओळ कुठे अडखळते ते त्यांना कवींच्या आधी ऐकू येतं. तिघेही बाहेरगावचे असावेत, फोंड्याचे, साखळीचे. गावातला शिक्षक अक्षरावरून मूल ओळखतो आणि गावात प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा असतोच. कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी एकाच माणसाच्या बंद पाकिटात.

परीक्षकांना गुणतक्ता एकदम देऊ नका. आधी प्रत्येक कविता कुणीतरी मोठ्याने वाचायची आणि तीन गठ्ठे करायचे: पुन्हा ऐकावीशी, बरी, आणि पाठ केलेली. गुण द्यायचे ते पहिल्या गठ्ठ्याला. पन्नासातले वीस स्वतः पाहिलेल्या गोष्टीला, पंधरा शब्दांना, दहा लयीला, पाच शेवटाला. शुद्धलेखनाला आणि हस्ताक्षराला शून्य. यावर शिक्षक मंडळी हमखास हरकत घेतात. ऐकून घ्यायची आणि शून्यच ठेवायचं.

हे गठ्ठे कसे ठरतात ते एका कागदावरून सांगते. चौथीतल्या एका मुलाने लिहिलं होतं:

पदेराच्या सायकलीला
एकच भोंगा आहे.
आजी म्हणते पाव आले,
कुत्रा म्हणतो मित्र आला.
मी अजून झोपेत आहे.

यमक नाही, छंद नाही, 'सायकल'चं शुद्धलेखन मी इथे नीट केलंय. शिकवणाऱ्या परीक्षकबाईंनी ती 'बरी'मध्ये टाकली, पाच ओळी म्हणजे फारच लहान म्हणून. पखवाजवाल्यांनी ती उचलून परत वाचली आणि म्हणाले, "भोंगा एक, ऐकणारे तिघे, आणि प्रत्येकाला वेगळं ऐकू आलं. आणखी काय लिहायचं त्याने?" तिला पहिलं बक्षीस मिळालं. 'पाव हेच पूर्णान्न' असा सोळा ओळींचा सुबक मजकूर दुसऱ्या कागदावर होता, तो तिसऱ्या गठ्ठ्यात गेला आणि त्याचे पालक दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले.

अशा पालकांसाठी एक तयारी आधीच करावी. प्रत्येक मुलाला, बक्षीस असो वा नसो, परीक्षकांनी त्याच्या कवितेतली आवडलेली एक ओळ पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवून द्यायची, खाली का आवडली ते एका वाक्यात. वेळखाऊ काम आहे, परीक्षक कुरकुरतात, मानधनाच्या पाकिटात थोडं जास्त घालावं लागतं. पण 'छान प्रयत्न'पेक्षा त्या कागदाची किंमत मुलाला कळते. तिसऱ्या गठ्ठ्यातही शोधली तर एक ओळ सापडतेच. त्या पालकांनाही मी तीच ओळ दाखवली. समाधान झालं नाही, चहा मात्र पिऊन गेले.

एक गोष्ट गंभीरपणे. कधी एखादं मूल कवितेत घरातलं लिहितं: बाबा दारू पिऊन येतात, कुणीतरी मारतं, आई निघून गेली. असा कागद व्यासपीठावर वाचायचा नाही, छापायचा नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही, कितीही चांगला असला तरी. मुलाशी त्याच्या ओळखीच्या आणि विश्वासाच्या शिक्षकाने एकट्याने बोलावं. त्रास चालू आहे असं वाटलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरावर फोन करावा, तो मुलांसाठीच आहे. परीक्षकांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "काय धारदार लिहिलंय!" म्हणून त्यांना तोच कागद मंचावर हवा असतो.

बक्षीस समारंभ वेगळ्या दिवशी ठेवा आणि मुलांनी स्वतःच्या कविता वाचाव्यात. माइकचा दांडा खाली येतो की नाही ते आधी तपासा. आमच्याकडे तो कायम आमदारांच्या उंचीला असतो. समई, श्रीफळ, सरपंच, पंच, शाल हे टळणार नाही, पण आधी मुलांचं वाचन आणि मग पाहुण्यांचं भाषण असा क्रम ठेवला तर भाषणं आपोआप लहान होतात, कारण तोवर सभागृह अर्धं रिकामं झालेलं असतं. चषक देऊ नका, पुस्तकं द्या, आणि ती मुलालाच टेबलावरून निवडू द्या. कुणी जाड शब्दकोश उचलतो, कुणी फक्त चित्रं बघून घेतो. आपण मध्ये बोलायचं नाही.

पैशांसाठी मोठ्या देणगीदाराच्या मागे लागू नये. पुस्तकं, झेरॉक्स, चहा-बटाटवडे, परीक्षकांचं मानधन आणि गाडीभाडं, खर्च एवढाच. गावातले चार दुकानदार मिळून तो सहज उचलतात आणि बॅनरवर कुणाचा फोटो केवढा हा प्रश्नही येत नाही.

सगळ्या कवितांची झेरॉक्स पुस्तिका काढा, सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या, संमती नसलेल्या तेवढ्या सोडून. छापताना शुद्धलेखन सुधारायचं असेल तर मुलाला शेजारी बसवून, त्याला विचारून. शब्द बदलायचा नाही. कविता मुलाची, तेव्हा मूळ कागद त्याला परत द्यायचा आणि वाचनालयात झेरॉक्स ठेवायची. आमच्या हवेत कागदाला बुरशी धरते, वाळवी तर आहेच. फाइल लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा आणि मे महिन्यात एकदा उन्हात काढा. खर्चाचा हिशोब पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जाताना वेगळं काही सांगावं लागत नाही.