थंडीत आणलेला नवा मासा आजारी पडला तर (परसातली तळी, हौद आणि शेततळ्यांसाठी हिवाळी सल्ला)

दिवाळी उलटली की घराभोवतीच्या तळ्यांत नवे मासे येऊ लागतात. बंगल्यापुढच्या हौदात कोई आणि गोल्डफिश, शेततळ्यात उशिरा मिळालेली रोहू, कटला, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले), एखाद्या टाकीत डासांच्या अळ्या खायला गप्पी. आठवडा जात नाही तोच बीज देणाऱ्याला किंवा दुकानदाराला फोन होतो: "मासा कलून पोहतोय, कोणतं औषध टाकू?" बहुतेक वेळा याचे खरे उत्तर असते, अजून कोणतेच नको. आधी पाणी बघा, मग मासा बघा, आणि औषधाची बाटली त्यानंतरच उघडा. नव्या माशांपैकी पुष्कळ मासे रोगाने मरतच नाहीत. वाहतुकीचा ताण, बिघडलेले पाणी आणि वर घाईने ओतलेले औषध यांनी मरतात.

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी २० अंशांच्या खाली उतरले की त्याचे पचन मंदावते आणि रोगाशी लढायची ताकदही उतरते. निफाडकडची थंडी सगळ्यांनाच माहीत आहे, पण पुणे, नगर, विदर्भातही तीन फूट खोलीचा हौद रात्रीत चांगलाच गार पडतो आणि दुपारी पुन्हा तापतो. जुना मासा हा चढउतार सोसतो. पिशवीत रात्रभर हेलकावे खात आलेल्याला तो जड जातो.

कोण आजारी आहे आणि कधीपासून

निदानाची सुरुवात इथून करा. नवे-जुने सगळे मासे एकदम, काही तासांत अस्वस्थ झाले तर दोष पाण्यात आहे. नव्यांपैकी एक, दोन दिवसांनी दुसरा, मग जुन्यांतला एखादा, असे एकेक करत लागत गेले तर रोग किंवा परजीवी. फक्त नवेच, तेही पहिल्या दोन दिवसांत मेले तर वाहतूक किंवा सोडण्याची पद्धत चुकली.

आता वेळ बघा. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि ऊन वर आले की खाली जातात, तेव्हा रात्री प्राणवायू कमी पडतो आहे. हिरवेगार, शेवाळाने दाट झालेल्या पाण्यात हे हमखास होते, कारण शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री तोच वापरते. दिवसभर धापा चालू असतील तर मात्र कल्ल्यांत बिघाड आहे किंवा पाण्यात अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून तयार होणारे विष) साठला आहे.

मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया, त्यापासून पाण्यात बनणारे नायट्राइट आणि पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) तपासायचे छोटे संच मिळतात. औषधांच्या तीन बाटल्यांऐवजी तेवढे आणा. अमोनिया शून्य हवा, पीएच ७ ते ८.५ च्या दरम्यान. नव्या सिमेंटच्या हौदाचा पीएच ९ च्या वर जाऊ शकतो. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत असतो. असा हौद मासे सोडण्याआधी पुन्हा पुन्हा भरून रिकामा करावा लागतो. कोणी केळीचे खोड टाकून ठेवतात, तेही चालेल, पण शेवटी पीएच मोजल्याशिवाय मासा सोडू नका.

अमोनिया दिसला तर खाणे बंद करा, हवेचा पंप लावा आणि रोज एक चतुर्थांश पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. ते एक दिवस उघड्यावर ठेवा किंवा दुकानातले क्लोरीन मारणारे 'हायपो'चे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण प्राणवायूही जवळजवळ नसतो. ते उंचावरून, फवाऱ्यासारखे पाडत भरा.

वेगळा टब, आणि त्यात मीठ

पाणी ठीक आहे आणि तरी मासा आजारी आहे, तर त्याला बाहेर काढा. उपचार तळ्यात करू नका, टबात करा. १०० ते २०० लिटरचा प्लास्टिकचा टब, तळ्यातलेच पाणी, एक हवेचा पंप, वर जाळी, आणि सावलीची जागा. जस्ताच्या पत्र्याची टाकी किंवा तांब्याचे घंगाळ नको, कारण जस्त आणि तांबे दोन्ही पाण्यात उतरून माशाला विष होतात. फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम तर कितीही धुतले तरी नकोत. हे सांगावे लागते, कारण शेतावर हाताशी नेमका तोच ड्रम असतो.

पहिला उपचार मिठाचा. साधे जाडे मीठ, लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टबाला ६०० ग्रॅम. एकदम नको, तीन भाग करून दीड-दोन दिवसांत घाला. या मिठाने माशाचा ताण हलका होतो, नायट्राइटचे विष कल्ल्यांतून आत शिरायला अडते आणि बरेच लहान परजीवी मरतात. पाणी बदलाल तेव्हा जेवढे पाणी नवे, तेवढ्याच पाण्याचे मीठ घाला. टबातले पाणी उडून कमी झाले म्हणून वर पाणी घातले, तर मीठ घालायचे नाही. मीठ उडून जात नाही, पाणीच जाते.

दुसरा प्रकार डुबकीचा: लिटरला ३० ग्रॅम मीठ आणि त्यात मासा अर्धा ते दोन मिनिटे. घड्याळापेक्षा माशावर लक्ष ठेवा. तो कलंडला की तत्क्षणी बाहेर काढून साध्या पाण्यात सोडा. बोटुकलीला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका.

अंगावर काय दिसते

मासा ओल्या हातांनी किंवा ओल्या फडक्यात धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे पहिले कवच असतो. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. कल्ल्याचे झाकण हलकेच उचलून आत बघा. निरोगी कल्ला लालभडक असतो. फिकट असेल तर परजीवी रक्त पीत असण्याची शक्यता जास्त. तपकिरी असेल तर नायट्राइट. पिवळसर-करड्या कुजक्या चट्ट्यांनी भरलेला असेल तर जिवाणूंचा संसर्ग.

साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके अंगभर आणि परांवर असतील, मासा तळाला किंवा भिंतीला अंग घासत असेल, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे 'इक'. नव्या माशाबरोबर सगळ्यात जास्त येणारा पाहुणा हाच. याचा परजीवी कातडीखाली असताना कोणतेच औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो पिकून गळून पडतो, तळाशी फुटतो, शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात, आणि ती नवा मासा शोधत फिरत असतात तेवढ्याच वेळात मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की उपचार थांबवणारा फसतो. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंड पाण्यात त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. हिवाळ्यात शेवटचा ठिपका गेल्यावरही दोन आठवडे मिठाचा टब चालू ठेवा आणि टबाचा तळ रोज उपसून काढा.

कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे बुरशी. ती बहुधा जुन्या जखमेवर बसते. जाळ्याने खरचटलेले, पिशवीत दबलेले खवले हे तिचे घर. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा, आणि पर कडेने झिजत चाललेले, हे जिवाणूंचे काम. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण बुरशीचे तंतू पाण्यात लहरतात.

माशांच्या उवा डोळ्यांनी दिसतात: चपट्या, गोल, हिरवट, काही मिलिमीटरच्या, अंगावर सरकणाऱ्या. सुईसारखा दोरा मांसातून बाहेर लोंबत असेल तर तो नांगर-कृमी. त्याचे डोके आत नांगरासारखे रुतलेले असते. दोन्ही चिमट्याने काढता येतात. कृमी कातडीजवळ धरून सावकाश ओढा, तुटू देऊ नका, आणि जखमेची काळजी म्हणून माशाला मिठाच्या टबात ठेवा. उवा कडक पृष्ठभागावर अंडी घालतात, त्यामुळे तळ्यात बांबूचे दांडे उभे करून ठेवायचे आणि आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायचे, हा जुना उपाय आजही कामाचा आहे.

पोट फुगलेले आणि खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिलेले असतील तर आजार मूत्रपिंडापर्यंत गेला आहे. असा मासा क्वचितच वाचतो. त्याला वेगळा ठेवा, इतरांचे पाणी सुधारा, आणि त्याच्या एकट्यासाठी तळ्यात प्रतिजैविक ओतू नका.

लाल औषध मोजून

विहिरीत टाकतात ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, बुरशी आणि बाहेरच्या जिवाणूंवर चालते. मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम. एवढे थोडे घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम औषध एक लिटर पाण्यात विरघळवा; या द्रावाचे २० मिलिलिटर १०० लिटर पाण्याला पुरतात. पाणी गुलाबी होईल. चार तासांत ते तपकिरी झाले तर औषध गाळातच संपले असे समजा, आणि तरी लगेच दुसरी मात्रा टाकू नका. फॉर्मेलिन या परजीवींवरच्या औषधाबरोबर तर कधीच नको.

हौदालाच द्यायची वेळ आली तर आधी हौदाचे पाणी मोजा. "असेल दहा-बारा हजार लिटर" या अंदाजाने जितके मासे मरतात तितके इकने मरत नसावेत. लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि २८.३ ने गुणा. १५ फूट लांब, १० फूट रुंद, ३ फूट पाणी, म्हणजे ४५० घनफूट, साधारण १२,७०० लिटर. त्याला लाल औषध २५ ग्रॅम. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, तिथे वरचे आणि तळाचे क्षेत्रफळ यांची सरासरी घ्या, नाहीतर हिशेब फार वर जातो.

खायच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन (बुरशीवर वापरतात तो हिरवा रंग) द्यायचे नाही, दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी. उवांवर 'थोडेसे' म्हणून फवारणीचे कीटकनाशक पाण्यात टाकायचा सल्ला बांधावर मिळतो, तोही ऐकू नका. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अतिशय विषारी असतात. शेततळ्यातले सगळे मासे एका सकाळी उलटे तरंगताना दिसले तर रोग शोधण्याआधी शेजारच्या द्राक्षबागेत काल काय फवारले ते विचारा.

शेततळ्याचे गणित वेगळे

ज्या शेततळ्याचे पाणी ठिबकने डाळिंबाला किंवा द्राक्षाला जाते, त्यात मीठ घालायचे नाही. लिटरला ३ ग्रॅम मीठ माशाला चालते, बागेला नाही. टबातले खारट पाणीसुद्धा झाडाच्या आळ्यात ओतू नका.

पावसाळा संपून थंडी सुरू होते तेव्हा शेततळ्यात एका रोगावर खास नजर ठेवा: अंगावर लाल ठिपके, मग त्यांचे खोल व्रण, काही वेळा आतले मांस दिसेपर्यंत. हा 'ईयूएस', म्हणजे साथीचा व्रणरोग. तो एका बुरशीसारख्या जीवामुळे होतो आणि भारतात पहिल्यांदा १९८८ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांत दिसला. मरळ आणि मृगळला तो चटकन लागतो, तिलापिया आणि कॉमन कार्प बऱ्यापैकी तग धरतात. शेजारच्या नाल्यातून किंवा ओढ्यातून पाणी आत येत असेल तर ते आधी बंद करा, कारण रोग रानमाशांबरोबर येतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने यासाठी 'सिफॅक्स' हे औषध तयार केले. त्याची मात्रा हेक्टर-मीटरला १ लिटर, म्हणजे १,००० घनमीटर पाण्याला १०० मिलिलिटर. पाण्यात मिसळून सगळीकडे सारखे शिंपडा.

चुन्याबद्दल जरा जपून. मातीच्या तळ्यात पीएच कमी असेल तर हेक्टरी २०० किलो, म्हणजे गुंठ्याला सुमारे २ किलो चुना कालवून, निववून, सकाळी देता येतो. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात शेवाळामुळे दुपारी पीएच आधीच चढलेला असतो. त्यात अमोनिया असेल आणि वर चुना पडला तर तोच अमोनिया कित्येक पट विषारी होतो. पीएच न मोजता चुना देणे हा थंडीतला सगळ्यात महागडा उपचार.

कोणाला दाखवायचे

व्रण पसरत असतील, किंवा दोन दिवसांत मरण्याचे प्रमाण वाढत असेल, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालये, रत्नागिरीत शिरगावचे महाविद्यालय, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, इथे जाणकार माणसे आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढलेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' ॲपवरूनही रोगाची नोंद देता येते. तपासणीला मेलेला, तरंगून फुगलेला मासा नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. लक्षणे दिसणारा जिवंत मासा प्राणवायूच्या पिशवीत न्या आणि तळ्याचे पाणी वेगळ्या बाटलीत.

मेलेले मासे रोजच्या रोज काढा, चुना टाकून खोल पुरा. नाल्यात फेकले तर खालच्या तळ्यांत तोच रोग पोचतो. एका तळ्यातले जाळे दुसऱ्यात नेण्याआधी दिवसभर कडक उन्हात वाळवा.

पुढची खेप येईल तेव्हा

पाणी गढूळ, वास येणारे किंवा तळाशी मेलेले मासे असलेली पिशवी परत करा, भीड ठेवू नका. चांगली पिशवी बंदच १५-२० मिनिटे टबाच्या पाण्यात तरंगत ठेवा. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका: बंद पिशवीतला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जहाल होतो. थोडे थोडे टबातले पाणी आत घालत काही मिनिटांतच मासे जाळीने उचलून टबात सोडा, पिशवीतले पाणी बाहेर ओता. पहिला दिवस खाणे नाही. मग तीन आठवडे तिथेच, जुन्या माशांपासून दूर, त्या टबाची वेगळी जाळी आणि वेगळी बादली ठेवून. पाणी १८ अंशांच्या खाली असेल तेव्हा खाद्य एकदाच, दुपारी, पाच मिनिटांत संपेल एवढेच.