शिट्टी हवेत वाजते, पाण्यात गुडगुडते: घरी करून बघा

बडोद्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या दांडिया बाजारातली पोरं पोहायला पळतात. परवा भाचीने विचारलं, "मामा, सरांनी एवढ्या जोरात शिट्टी मारली, तू वर होतास तुला ऐकू आली, मला पाण्याखाली का नाही आली?" प्रश्न भारी होता, मग घरी येऊन आम्ही हे केलं, तुम्हीपण करा.

दोन प्लास्टिकच्या स्ट्रॉ घ्या. एक पाण्याच्या ग्लासात उभी धरा, दुसरी तोंडात धरून पहिलीच्या वरच्या कडेवर आडवी फुंकर सोडा. फुंकर कडेवरच आपटली पाहिजे, इथेच सगळ्यांचं चुकतं, तर वाजेपर्यंत कोन बदलत राहा. कडेवर आपटलेली फुंकर एकदा आत, एकदा बाहेर अशी सेकंदाला शेकडो वेळा झुलते आणि स्ट्रॉमधली हवा तिच्याबरोबर थरथरते, तोच सूर. पाण्याच्या वर 10 सेंमी स्ट्रॉ असेल तर साधारण 850 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 850 वेळा थरथर), खाली दाबून 5 सेंमी केली की जवळपास 1700, म्हणजे एक सप्तक वर! वाजते ती हवा, प्लास्टिक नाही. शेजारच्या गुजराती पोरांच्या सिसोटीत, म्हणजे शिट्टीतही हेच, फक्त आतला गोळा फिरत राहतो म्हणून आवाज थरथरता येतो.

आता शिट्टी बादलीत पूर्ण बुडवून फुंका आणि दुसऱ्याला बादलीला बाहेरून कान लावायला सांगा. आत पाणी भरलं, आणि पाणी हवेपेक्षा 800 पट जड, त्यामुळे फुंकर झुलतच नाही, तिचे बुडबुडे होतात. गुडगुड आवाज त्यांचाच, प्रत्येक बुडबुडा स्प्रिंगसारखा आकसतो-फुगतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने 1933 मध्ये याचं गणित मांडलं, त्याप्रमाणे 1 सेंमी रुंद बुडबुडा साधारण 650 हर्ट्झला वाजतो आणि बुडबुडा जितका लहान तितका सूर चढा.

आणि भाचीचं उत्तर: हवेतला आवाज पाण्यावर आपटला की हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो, बाकी परत फिरतो. म्हणून पोर पाण्याखाली असताना शिट्टीवर अजिबात विसंबू नका, पूलच्या स्टीलच्या शिडीवर पाण्याखालीच नाणं ठोका, तो आवाज सरळ पाण्यातच निघतो. फक्त पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर पळतो, हवेत 343, त्यामुळे दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच पोचतो आणि कुठून आला ते कळत नाही, तेव्हा खूण आधीच ठरवून ठेवा. आमची खूण तीन ठोके म्हणजे लगेच वर ये.