पुड्यांची चित्रं बघायला जाताना

लालबागला आमचं किराणा दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, मी गल्ल्यावर बसते. गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एका चित्रकाराचं एकल प्रदर्शन बघून आले. सगळी चित्रं पुड्यांची, जाहिरातींची, नटनट्यांची. तेव्हापासून गिऱ्हाईकं विचारतात, "वहिनी, बिस्किटाच्या पुड्याच्या चित्रात बघायचं तरी काय?" म्हणून सांगते.

जायच्या आदल्या रात्री घरातली एखादी रिकामी पुडी सरळ करून समोर ठेवा आणि पाच मिनिटं नुसती बघा. हिरवा ठिपका, वजन, किंमत, फाडायची खूण, चेहरा कुठे छापलाय, नाव केवढं मोठं आहे. रोज हाताळतो, पण बघत नाही आपण. एवढं केलंत की चित्रकाराने काय ठेवलं नि काय गाळलं, ते तिथे आपोआप दिसतं.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या भिंतीवरचा मजकूर वाचत बसू नका. आधी एक फेरी मारा. मग ज्या चित्राशी पाय थबकले तिथे परत या. दहा पावलांवरून बघा, नंतर हातभर अंतरावरून. हात मात्र लावायचा नाही.

मी थबकले ते पाचफुटी कॅनव्हासपाशी. शाम्पूच्या पुड्यांची माळ. लांबून अगदी छापल्यासारखी चकचकीत. जवळ गेले तर सगळ्यात वरच्या पुडीवर राखाडी रंगाचा पातळ हात फिरवलेला. धूळ! ती धूळ मी ओळखते. आम्ही माळ खालून फाडत जातो, वरची पुडी महिनोन्महिने पंख्याखाली तशीच लटकते. खाली तीन पुड्या गेलेल्या, उरली होती फक्त दातेरी कड. आणि पुडीवरच्या नटीचं हसू घडीत अर्धं दुमडलेलं. मोठी बाटली ज्यांना परवडत नाही त्या बाया तेच हसू माझ्याकडून सुट्ट्या पैशांत नेतात. मला तिथे भरून आलं. चित्रकार कधीतरी दुकानाच्या फळीशी उभा राहिला असणार, त्याशिवाय हे सुचत नाही.

"हे कुणीही काढेल" असं मनात आलं तर अमेरिकेचा चित्रकार अँडी वॉरहॉल आठवा. १९६२ साली त्याने लॉस एंजेलिसच्या गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, प्रत्येक चवीचं एक, आणि तीही दुकानातल्यासारखी फळीवर ओळीने. शेजारच्या गॅलरीवाल्याने खरे डबे रचून त्याची थट्टा केली होती. आपल्या घाटकोपरच्या चित्रकार अतुल डोडियांनी तर दुकानाच्या लोखंडी शटरवरच चित्रं काढली. शटर वर केलं की मागे दुसरं चित्र. २००१ मध्ये ती लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात लागली. रोज सकाळी शटर ढकलताना मला त्यांची आठवण येते.

जहांगीरला चित्रकार बहुतेक वेळा स्वतःच हॉलमध्ये बसलेला असतो. त्याच्याशी बोला. "याचा अर्थ काय?" असं विचारू नका, त्याने तो अवघडतो. "ही पुडी कुठून आणली?", "हा रंग किती वेळा चढवला?" असं विचारा, मग बघा कसा खुलतो. किंमत विचारायलाही लाजू नका. यादी टेबलावर असते, लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. घ्यायचं नसलं तरी अभिप्रायाच्या वहीत चांगल्या अक्षरात दोन ओळी लिहा, कुठलं चित्र आवडलं ते नावानिशी. "छान" एवढंच लिहू नका.

आत जायला पैसे पडत नाहीत. वेळ अकरा ते सात. सीएसएमटीहून किंवा चर्चगेटहून वीसेक मिनिटं चालत. प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, त्यामुळे बुधवारी नाहीतर गुरुवारी दुपारी जा. शनिवार-रविवारी फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी असते की वरच्या पुडीवरची धूळ दिसायची नाही.