तीन टनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही आणि नाशिकचे रस्ते: टेस्ट ड्राइव्हमध्ये या चुका टाळा

कॉलेज रोडवरून निघायचं, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जायचं, तिथून यू-टर्न. मोकळा पट्टा दिसला की पेडल दाबून पाठ सीटला चिकटवून घ्यायची आणि वीस मिनिटांत शोरूमला परत. दीड-दोन कोटींच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीची टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा एवढ्यावरच उरकते. या फेरीत कुठलीही महागडी गाडी छानच वाटते, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही.

या वर्गातल्या गाड्यांच्या गुणदोषांचं मूळ एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे वजन. मर्सिडीज-मेबाख ईक्यूएस ६८० एसयूव्ही सप्टेंबर २०२४ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सव्वादोन कोटी होती. १२२ किलोवॉट-तासांची बॅटरी, ६५८ पीएस ताकद, ९५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत आणि वजन साधारण तीन टन. हे वजन मोटर लपवते, एअर सस्पेन्शन लपवतं, जाड काचा लपवतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये शोधायचं ते एवढंच, की ही लपवाछपवी कुठे उघडी पडते.

हवा न तपासता निघणं

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त होणारी चूक हीच. कारखान्यातून शोरूमपर्यंतच्या वाहतुकीत गाडी बरेच दिवस उभी राहते, तेव्हा टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते. डेमो गाडीत ती कमी करायची कधीकधी राहून जाते. मग गाडी प्रत्येक सांध्यावर ठकठक करते आणि दोष सस्पेन्शनला लागतो. उलट हवा कमी असेल तर गाडी लोण्यासारखी वाटते, पण वळणावर आळसावते आणि रेंज खाते.

निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, स्क्रीनवर चारही टायरचं प्रेशर बघा. ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा चार्जिंगच्या झाकणाच्या आत लावलेल्या तक्त्याशी ताडून पाहा. तक्त्यात सहसा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. चौघं बसणार असाल तर दुसरा घ्या. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण १ पीएसआयने वाढतं. म्हणजे जानेवारीत सकाळी १० अंशांना बरोबर भरलेली हवा मे महिन्यात दुपारी ४० अंशांना पाच-सहा पीएसआयने जास्त भरते. गाडी चालून टायर तापल्यावर वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका, ती वाढ अपेक्षितच असते.

त्याच वेळी टायरच्या कडेवरचा साइझही वाचा. २७५/४० आर २२ म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची ११० मिलिमीटर. २७५/४५ आर २१ मध्ये तीच १२४ च्या जवळ जाते. १४ मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण तीन टनांखाली खड्ड्याची धार रिमला लागते की नाही, हे त्यावरच ठरतं. २२ इंची चाकं फोटोत देखणी दिसतात. पावसाळ्यातल्या त्र्यंबक रोडसाठी आमचं मत सरळ २१ इंचीला. आणि स्टेपनी विचारा. बहुतेक गाड्यांत ती नसते, पंक्चर किट असतं, आणि कड फाटली तर किटचा काही उपयोग नाही.

मालकाने पुढे बसून मागची गाडी घेणं

अशा गाडीचा मालक बरेचदा मागे डावीकडे बसणार असतो, टेस्ट ड्राइव्ह मात्र पुढे उजवीकडून होते. एअर सस्पेन्शनच्या मोठ्या गाड्यांत पुढची आणि मागची जागा हे दोन वेगळे अनुभव असतात. मागची सीट मागच्या चाकांजवळ, त्यामुळे गतिरोधक उतरतानाचा दुसरा दणका तिथेच जाणवतो. म्हणून निम्मा वेळ मागे बसा, आणि रोज गाडी चालवणारा ड्रायव्हर असेल तर त्यालाच चालवायला द्या. शोरूमचा माणूस ज्या हलक्या पायाने चालवतो, तो पाय तुमच्या घरी येणार नाही.

मागे बसल्यावर सीट आधी सरळ ठेवा, मग झोपवा. झोपवलेल्या सीटवर डोकं गादीला टेकतं आणि डावी-उजवीकडचा हेलकावा थेट मानेत उतरतो. एका बाजूची चाकं खड्ड्यात आणि दुसरी सपाटीवर, असा रस्ता यासाठी उत्तम. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात असे पट्टे शोधावे लागत नाहीत.

अंदाजावर राहायचं नसेल तर फोन वापरा. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं मोफत अ‍ॅप फोनच्या सेन्सरवरून त्वरण मोजतं. त्यात गुरुत्वाकर्षण वगळलेला त्वरणाचा पर्याय निवडा आणि फोन मागच्या सीटपुढे तळाशी सपाट, दुहेरी टेपने चिकटवा. गादीवर ठेवू नका, नाहीतर गादीचं मोजमाप होईल. खालच्या कार्पेटचा जाड मॅट काढून ठेवा. मग तोच पट्टा, तोच ४० चा वेग, तेवढीच माणसं, आणि एकेकदा कम्फर्ट व स्पोर्ट मोड. आलेखातला सर्वात उंच टोकाचा आकडा आणि दणक्यानंतर रेषा शांत व्हायला लागणारा वेळ, एवढ्याच दोन गोष्टी लिहून घ्या. टोक लहान पण रेषा तीन-चार वेळा वर-खाली होत राहिली, तर ती गाडी मऊ आहे, आरामदायी नाही. घाटात अशा गाडीत मागच्या माणसाला गाडी लागते.

गाडी लागण्याचं आणखी एक कारण रीजनरेशन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरने गाडी आवरणं आणि त्यातून बॅटरीत वीज परत भरणं. ते सर्वात जोरात ठेवलं की ड्रायव्हरला एका पेडलवर चालवायची गंमत येते, आणि मागे वाचत किंवा फोन बघत बसलेल्याच्या पोटात दहा मिनिटांत ढवळायला लागतं. स्टिअरिंगमागच्या पॅडलने ते कमी करून तोच रस्ता पुन्हा घ्या. बऱ्याच वेळा सस्पेन्शनवर फोडलेलं खापर इथेच उतरतं. अर्धा-पाऊण ग्लास पाणी कपहोल्डरमध्ये ठेवून द्वारका चौकातून एकदा जा. पाणी ब्रेकच्या वेळी पुढे सांडतंय की गाडी अगदी थांबता-थांबता झटका बसून सांडतंय, ते बघा. दुसऱ्या प्रकारात मोटरकडून डिस्क ब्रेककडे होणारी अदलाबदल नीट जुळलेली नाही. हे कुठल्याही सेटिंगने पूर्ण जात नाही.

आवाज चुकीच्या वेळी मोजणं

इंजिन नसल्यामुळे बाकीचे सगळे आवाज पुढे येतात: टायर, वारा, एसीचा पंखा, सनरूफची टिकटिक. आधी म्युझिक बंद, मग स्पीकरमधून येणारा कृत्रिम मोटरचा आवाज बंद, पंखा एकवर. फोनच्या डेसिबल अ‍ॅपचा आकडा खरा मानू नका, पण एकाच फोनवर, एकाच जागी, एकाच रस्त्यावर दोन गाड्यांची तुलना करायला ते चालतं. ८० आणि १०० अशा दोन वेगांवर, आणि डांबर व काँक्रीट अशा दोन्हींवर घ्या. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर टायरचा घोंघाट डांबरापेक्षा बराच वाढतो. तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे, त्यामुळे वाऱ्याचा आवाजही तिथेच नीट कळतो.

काही आवाजांचं निदान लगेच होतं. मागून येणारी टिकटिक बरेचदा सीटबेल्टचं रिकामं बकल किंवा डिकीत सैल पडलेली चार्जिंग केबल असते, आधी तेच हलवून बघा. पहिल्या काही किलोमीटरमध्ये स्टिअरिंगला थरथर असेल तर आठवडे एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरवर सपाट डाग पडलेला असू शकतो, तो १०-१५ किमीत टायर तापल्यावर जातो. १०० च्या आसपास सुरू होऊन तशीच राहणारी थरथर मात्र चाकाच्या बॅलन्सिंगची किंवा वाकलेल्या रिमची. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचा पहिला ब्रेक खरखरतो, तो डिस्कवरचा गंज. इलेक्ट्रिकमध्ये डिस्क ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून तो जास्त दिसतो. चार-पाच ब्रेकमध्ये खरखर जायला हवी.

शून्य ते शंभरवर समाधान मानणं

पाच सेकंदांच्या आत शंभर गाठणं आता या किमतीत विशेष राहिलेलं नाही, आणि ते सार्वजनिक रस्त्यावर करून बघण्यासारखंही नाही. कामाचा प्रश्न वेगळा आहे: दहावं ओव्हरटेक पहिल्यासारखं होतं का, आणि बॅटरी २५ टक्क्यांवर आल्यावरही होतं का? चार्ज उतरला की बॅटरीचं व्होल्टेज उतरतं, ती तापली की सॉफ्टवेअर ताकद आवरतं. डेमो गाडी नेहमी भरलेली आणि थंड मिळते, त्यामुळे ही बाजू दिसतच नाही.

यासाठी नाशिककरांना हाताशी आहे तो कसारा घाट. इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, कसारा त्याच्या जवळपास ३०० मीटर खाली. नाशिकहून जाऊन-येऊन १२० किमीच्या आसपास. चार माणसांसह ३.३ टनांची गाडी ३०० मीटर वर उचलायला फक्त चढाईसाठी सुमारे २.७ किलोवॉट-तास लागतात. १०० किमीला २५ किलोवॉट-तास खाणाऱ्या गाडीचे हे ११ किमी झाले. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, पण सगळा नाही. घाट चढून आल्यावर स्क्रीनवरचा रेंजचा आकडा एकदम पडला म्हणून घाबरू नका. तो आकडा मागच्या काही किलोमीटरवरून अंदाज बांधतो. निघताना ट्रिप मीटर शून्य करा आणि प्रत्यक्ष किलोवॉट-तास बघा.

उताराला निघताना बॅटरी १०० टक्के ठेवू नका. भरलेल्या बॅटरीत परत वीज भरायला जागा नसते, रीजनरेशन मंदावतं, आणि पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही. हा बिघाड नाही. पण त्या अवस्थेत ब्रेकचं पेडल वेगळं लागतं का, हे मुद्दाम बघावं. चांगल्या गाडीत पायाला फरक जाणवत नाही.

घाटाच्या वळणांवर आणखी एक लक्षात ठेवा. ९५० न्यूटन-मीटर वजन पुढे ढकलू शकतात, वळवू शकत नाहीत. ओल्या रस्त्यावर इगतपुरीच्या पावसात गाडी वळणाबाहेर सरकते की इलेक्ट्रॉनिक्स आधीच सावरतं, हे ५० च्या वेगातही समजतं, त्याहून वेगाने जायची गरज नाही. लेन पकडून ठेवणारी यंत्रणा पुसट पट्ट्यांवर स्टिअरिंग ओढत असेल तर ती बंद करून पुन्हा चालवा, नाहीतर तिचा धक्का स्टिअरिंगचा दोष वाटेल.

रेंजचा छापील आकडा

मर्सिडीजच्या ईक्यूएस ५८० एसयूव्हीला १२२ किलोवॉट-तासांत एआरएआय या भारतीय वाहन-चाचणी संस्थेची ८०९ किमी रेंज मिळाली आहे. तेवढ्याच बॅटरीच्या मेबाखला युरोपीय डब्ल्यूएलटीपी चाचणीत ६११ पर्यंत. दोन गाड्यांत वजनाचा फरक आहे, पण मोठा फरक चाचणीचा. भारतीय चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही, युरोपीय चाचणीत तो १३० पर्यंत जातो. ८० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. समृद्धीवरून नागपूरला जाणाऱ्याने छापील आकडा विसरून ९० आणि ११० वर २०-२० किमी स्वतः मोजावेत, येताना आणि जाताना, म्हणजे वारा आणि चढ-उतार वजा होतात.

चार्जर आणि घर

२०० किलोवॉट घेऊ शकणारी गाडी ६० किलोवॉटच्या चार्जरला लावली तर ६०च मिळतात. त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनला, म्हणजे प्लगला, कुणी गाडी लावली तर बऱ्याच यंत्रांवर ते ३०-३० वाटले जातात. १२२ किलोवॉट-तासांची बॅटरी १० ते ८० टक्के करायला पहिल्या बाबतीत कमीत कमी दीड तास, दुसऱ्यात तीन. त्यामुळे 'गाडी हळू चार्ज होते' म्हणण्याआधी चार्जरची पाटी वाचा. बॅटरी आधी योग्य तापमानावर आणायची सोय अनेक गाड्यांत तेव्हाच सुरू होते, जेव्हा नेव्हिगेशनमध्ये चार्जर हेच मुक्कामाचं ठिकाण म्हणून टाकलेलं असतं.

घरी ११ किलोवॉटच्या चार्जरला थ्री-फेज लागतो, दर फेजला १६ अँपिअर. महावितरणकडचा मंजूर भार गाडी येण्याआधी वाढवून घ्या. एसी, गिझर आणि गाडी एकाच वेळी चालली की मुख्य एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो आणि दोष चार्जरला लागतो. चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून थांबत असेल तर गाडी सर्व्हिसला पाठवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा हा नेहमीचा प्रताप.

शेवटी पार्किंग. पाच मीटरहून लांब आणि दोन मीटरहून रुंद गाडी सोसायटीच्या अडीच मीटरच्या जागेत बसते, पण मागचं दार पूर्ण उघडत नाही आणि झोपणाऱ्या सीटवरून उतरायला ते पूर्ण उघडावं लागतं. टेप घेऊन दार उघडल्यावरची रुंदी मोजा. मागची चाकं वळणारी गाडी असेल तर आणखी सांभाळा. कमी वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट वळतात, वळण लहान होतं, पण मागची बाजू क्षणभर बाहेर झुकते. भिंतीला किंवा खांबाला खेटून उभी केलेली गाडी पूर्ण स्टिअरिंग फिरवून काढली की मागचा कोपरा घासतो. एक-दीड मीटर सरळ पुढे घ्या, मग फिरवा. हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी, रिकाम्या पार्किंगमध्ये दोन वीटा उभ्या ठेवून दाखवा.