फ्रिजच्या कंडेन्सरला मोकळी हवा कशी द्यावी

फ्रिज आतली उष्णता उचलून स्वयंपाकघरात सोडतो आणि ती सोडण्याचं काम कंडेन्सरचं. त्याला हवा कमी पडली की तो तापतो, गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. फ्रीझरच्या कॉइलमध्ये गॅस उणे २५ अंशांवर उकळतो असं धरा. कंडेन्सर ४५ ऐवजी ५५ अंशांवर गेला, तर तेवढ्याच थंडाव्यासाठी आदर्श यंत्रालाही सुमारे १४ टक्के जास्त वीज लागते. घरातला फ्रिज आदर्श नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा याहून मोठा.

आधी तुमचा कंडेन्सर कुठे आहे ते पाहा. पाठीमागे काळी, तारांची जाळी दिसली तर तोच. पाठ सपाट असेल तर त्याची नळी बहुधा बाजूच्या पत्र्यांना आतून चिकटवलेली असते. कॉम्प्रेसर अर्धा तास चालल्यावर हात लावा, पत्रा गरम लागेल. हा बिघाड नव्हे. काही मोठ्या फ्रिजमध्ये तो तळाशी, पंख्यासह असतो. दाराच्या चौकटीचा कोमटपणाही मुद्दाम ठेवलेला असतो. तिथे पाणी सुटू नये म्हणून गरम नळी फिरवलेली असते.

जाळीच्या फ्रिजमागे निदान ७ ते १० सेंटीमीटर जागा हवी. पत्र्याआड कंडेन्सर असेल तर दोन्ही बाजूंना ५ सेंटीमीटर सोडा आणि त्यावर कापडी कव्हर, पिशव्या लटकवू नका. त्या पत्र्यात स्क्रू तर कधीच मारू नका. नळीला भोक पडलं की दुरुस्ती फार अवघड होते.

सगळ्यात जास्त नुकसान सुताराने केलेल्या बंद कप्प्यात होतं, आणि नव्या फ्लॅटमध्ये हेच सर्रास दिसतं. गरम हवा वर जाते, म्हणून खालून गार हवा आत येईल आणि वरून गरम हवा बाहेर पडेल अशा दोन वाटा लागतात, प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटीमीटरच्या. फक्त खाली जाळी ठेवून वर लॉफ्टने बंद केलं तर काही उपयोग नाही. मायका लावण्याआधीच सुताराला हे सांगा.

कंडेन्सरची जाळी वर्षातून दोनदा साफ करा; त्यातली एक सफाई उन्हाळ्याआधी. प्लग काढा, फ्रिज सरळ पुढे ओढा आणि रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा. फोडणीचा चिकट थर असेल तर साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं वापरा. कॉम्प्रेसरच्या वायरिंगवर पाणी नको. सुरीने खरवडू नका. जवळच असलेली बारीक तांब्याची नळी वाकली, तर गॅसची वाटच बंद होते.

सफाईनंतरही कॉम्प्रेसर चालू असताना कंडेन्सर गारच राहिला आणि फ्रिजही थंड होत नसेल, तर गॅस गळालेला किंवा वाट तुंबलेली असू शकते. मग मिस्त्रीच हवा. कॉम्प्रेसरच्या लेबलवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. खिडक्या उघड्या ठेवा, शेगडी बंद करा. नळी कापली की फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारा छोटा भाग) नवा घालायला सांगा आणि गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरून घ्या. आर-६००ए बहुधा शंभर ग्रॅमहूनही कमी लागतो, त्यामुळे थोड्या ग्रॅमची चूकही थंडावा बिघडवते.